आसरा लेखी हवा

मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं म्यानमारमध्ये आहे, असं मिझो लोक सांगतात. रिह दिल त्याचं नाव. मिझो भाषेत ‘दिल’ म्हणजे तळं. ख्रिस्ती धर्म त्या डोंगरांत पोचण्याआधीची समजूत अशी की माणूस गेला की त्याचा जीव या तळ्यावरून मित्थी खुआला, म्हणजे मेलेल्यांच्या गावाला जातो. आज त्या तळ्याकडे जायचं तर तियाऊ नदीवरचा पूल ओलांडून परदेशात पाऊल टाकावं लागतं. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी झोखॉथार आहे. ‘खॉ’ म्हणजे गाव, ‘थार’ म्हणजे नवं. मिझो आणि नदीपलीकडचे चिन ज्या कुळातले, त्या झो लोकांचं नवं गाव. चंफाई जिल्ह्यातल्या या गावात पलीकडच्या मालाची उतारपेठ आहे, सीमाशुल्काचं ठाणं आहे, चर्च आहेत आणि अडीच-तीन हजारांची वस्ती आहे. नदीपलीकडे खॉमॉई आणि रिखॉदार. पाऊस संपला की तियाऊ इतकी उतरते की लोक लुगडी-लुंग्या वर खोचून पाण्यातून चालत येतात.

१२ नोव्हेंबर २०२३ला रविवार होता, आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. त्या संध्याकाळी पलीकडे गोळीबार सुरू झाला. म्यानमारच्या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या चिन गटांनी खॉमॉई आणि रिखॉदारच्या लष्करी ठाण्यांवर हल्ला चढवला होता. सोमवारी दोन्ही ठाणी त्यांच्या हाती पडली आणि मागोमाग लष्कराची विमानं आली. बॉम्ब पडू लागल्यावर दोन हजारांहून जास्त माणसं नदी उतरून झोखॉथारमध्ये शिरली. पुढच्या एक-दोन दिवसांत हा आकडा पाच हजारांपर्यंत गेल्याचे अंदाज आले. गाव तेव्हा रिकामं नव्हतं. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर आलेले चिन लोक तिथे आधीच राहत होते, आणि त्यांची संख्या गावकऱ्यांपेक्षा जास्त होती. तरी दारं उघडली गेली. शाळा, सभागृहं, नातेवाइकांच्या पडव्या, जिथे पाठ टेकेल तिथे माणसं झोपली.

हे सगळं गावाने केलं, आणि देशाच्या कायद्याच्या लेखी त्यातलं काहीच झालेलं नाही. माझं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे. झोखॉथार गेली काही वर्षं भारताच्या वतीने एक काम करतं आहे, आणि भारताने ते काम ना स्वतःच्या अंगावर घेतलं, ना गावाला ते करायची लेखी परवानगी दिली. सरकार कानाडोळा करतं, एवढीच काय ती व्यवस्था. कानाडोळा करणारा कधीही डोळा उघडू शकतो. म्हणून तिथल्या माणसांना आसरा मिळतो आहे यावर समाधान मानू नये. तो आसरा कागदावर यायला हवा.

कागदाची गोष्ट निघाली आहे तर पहिला कागद पाहू. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने मिझोराम, मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल प्रदेश या चार राज्यांना आणि सीमा राखणाऱ्या आसाम रायफल्स या निमलष्करी दलाला पत्र पाठवलं. आशय असा: सीमेवरून येणाऱ्यांना रोखा, बेकायदा आलेल्यांना ओळखून परत पाठवायची कारवाई करा, राज्यांना कुणालाही निर्वासिताचा दर्जा द्यायचा अधिकार नाही, आणि भारताने १९५१च्या निर्वासित करारावर किंवा १९६७च्या त्याच्या पूरक करारावर सही केलेली नाही. आठवड्याभरात मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे मिझोरामला मान्य होण्यासारखं नाही. पलीकडचे चिन आमच्या रक्ताचे आहेत आणि त्यांच्या हालांकडे आम्ही पाठ फिरवू शकत नाही. मणिपूर सरकारने त्याच महिन्यात उलटी वाट धरली. आश्रितांसाठी छावण्या उघडू नका, अन्न-निवारा देऊ नका, असा आदेश सीमेवरच्या जिल्ह्यांना काढला. लोकांनी इतका संताप व्यक्त केला की तीन दिवसांत तो मागे घ्यावा लागला. भुकेल्याला जेवू घालू नका असं भारतातल्या एका सरकारने लिहून काढावं, हे वाचताना मला आजही लाज वाटते.

झोरामथांगांच्या पत्रामागे त्यांचं स्वतःचं आयुष्य होतं. मुख्यमंत्री होण्याआधी ते मिझो नॅशनल फ्रंटचे बंडखोर होते आणि त्यांची वर्षानुवर्षं भूमिगत, देशाबाहेर गेली. १९५९च्या सुमाराला मिझो टेकड्यांत बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं गेली आणि ‘मौताम’ नावाचा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात सरकारने केलेल्या हेळसांडीतून पुढे १९६६चं बंड उभं राहिलं. ५ मार्च १९६६ला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आयझॉलवर हल्ला केला. नंतर गावंच्या गावं उठवून लष्कराच्या देखरेखीखालच्या वसाहतींत कोंबली गेली, जुनी गावं जाळली गेली. त्या वर्षांत मिझो माणसं जीव घेऊन कुठे पळाली? त्यातली बरीच तियाऊच्या पलीकडे, चिन टेकड्यांत. तिथल्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, शेतात वाटा दिला. १९८६च्या करारानंतर मिझोराम शांत झाला आणि राज्य बनला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८८मध्ये, म्यानमारमधली लोकचळवळ लष्कराने चिरडली तेव्हा लोंढा उलट दिशेने वाहिला. नदी तीच. आज झोखॉथारमध्ये जी म्हातारी माणसं आश्रितांना भात वाढत असतील, त्यांतल्या काहींनी लहानपणी पलीकडचा भात खाल्लेला असणार.

ही नदी सरहद्द झाली तीसुद्धा त्यांना विचारून नव्हे. जानेवारी १८९२मध्ये कलकत्त्यात चिन-लुशाई परिषद भरली आणि हा सगळा डोंगराळ मुलूख एका अंमलाखाली आणावा अशी शिफारस इंग्रज अधिकाऱ्यांनीच केली. ती अमलात आली नाही. लुशाई टेकड्या, म्हणजे आजचा मिझोराम, आसामकडे राहिल्या, चिन टेकड्या ब्रह्मदेशाकडे. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला आणि एकाच कुळातली भावंडं दोन देशांची प्रजा बनली. भारत सरकारने हे वास्तव बराच काळ समजून घेतलं होतं. १९६८पासून सीमेच्या दोन्ही बाजूंना ४० किलोमीटरपर्यंत पासपोर्ट-व्हिसाशिवाय जाता-येता येत असे. २००४मध्ये ते अंतर १६ किलोमीटरवर आलं. ८ फेब्रुवारी २०२४ला ही मुक्त ये-जा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दहा किलोमीटरपर्यंत, सात दिवसांच्या परवान्यावर, अशी नवी पद्धत आली. १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण सीमेला कुंपण घालायचं ठरलं आहे. रस्त्यांसह त्याचा खर्च सुमारे ३१ हजार कोटी रुपये सांगितला गेला. मिझोराम विधानसभेने २८ फेब्रुवारी २०२४ला या दोन्ही निर्णयांविरुद्ध ठराव केला.

इथवर वाचलेल्या कुणालाही वाटेल की मग प्रश्न कुठे आहे, नातं आहे, माया आहे, गाव सांभाळून घेतं आहे. अनेक सहृदय लेखक इथे थांबतात. त्लॉमङाइना या मिझो मूल्याचं, म्हणजे स्वतःला मागे ठेवून दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याच्या शिकवणीचं, कौतुक करतात आणि लेख संपवतात. ते कौतुक रास्त आहे. १९३५पासून चालत आलेली यंग मिझो असोसिएशन ही संघटना गावोगाव याच मूल्यावर उभी आहे. अंत्यविधीपासून दरड उपसण्यापर्यंत सगळ्या कामांना तिची मुलं धावतात, आणि २०२१नंतर आश्रितांच्या झोपड्या उभारण्यात, तांदूळ गोळा करण्यात तीच पुढे होती. पण मला इथे थांबता येत नाही, कारण मला २००३ साल आठवतं.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये मिझोराममध्ये एका लहान मुलीवर अत्याचार झाला आणि आरोप एका चिन माणसावर आला. त्यानंतर काही आठवड्यांत राज्यभर चिन लोकांना घरं सोडायला लावण्याची मोहीम झाली. तिच्या पुढे यंग मिझो असोसिएशनच होती. हजारो माणसं तियाऊपार हाकलली गेली. त्यांतल्या पुष्कळांनी तर १९८८नंतर इथेच संसार थाटलेले होते. तेच रक्ताचे नातलग, तीच नदी, तेच लोक. एका माणसावरच्या आरोपाची शिक्षा सगळ्या पाहुण्यांना झाली, आणि त्यांना विचारायला जागा नव्हती, कारण त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. मिझो समाजाला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. असं कुठेही होतं. महाराष्ट्रातही परप्रांतीयांच्या बाबतीत झालं आहे, आणि ते तर आपल्याच देशाचे नागरिक. माया खरी असते, आणि ती थकतेही. वर्ष-दोन वर्षं पडवीत राहणाऱ्या सख्ख्या भावाबद्दलसुद्धा घरात कुजबुज सुरू होते. घरात तांदूळ मोजूनमापून असेल तर ती लवकर सुरू होते. मिझोरामची अख्खी लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत होती. त्या राज्याने म्यानमारमधून आलेले तीस हजारांवर लोक सांभाळले. त्यात २०२३च्या हिंसेनंतर मणिपूरमधून आलेल्या हजारो कुकी-झो लोकांची आणि बांगलादेशातून आलेल्या बॉम लोकांची भर. नात्यावर टेकलेला आसरा एवढं ओझं किती दिवस पेलणार?

आणि नात्यावर टेकलेल्या आसऱ्यात जे नातलग नाहीत त्यांना जागाच नसते. उद्या पलीकडून चिन नसलेला, बर्मी भाषा बोलणारा शिक्षक आला, सक्तीच्या लष्करभरतीतून पळालेला मंडालेचा पोरगा आला, तर? फेब्रुवारी २०२४मध्ये म्यानमारच्या लष्कराने १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रियांना लष्करात खेचणारा कायदा लागू केला. असा पोरगा झो कुळातला नाही म्हणून त्याचा जीव कमी मोलाचा होत नाही.

मी कोल्हापूरच्या बाजूचा. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जायची रीत आहे. सिंधी व्यापाऱ्यांची ती कापडपेठ, आणि फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंध्यांनी ती उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याच्या त्याच माळावरच्या बराकींत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, हे आता आता कुठे लोकांना कळू लागलं आहे. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोचली. पाच वर्षं राहिली. शाळा चालवल्या, चर्च चालवलं, नाटकं केली, लग्नं केली. युद्ध संपल्यावर पांगली. कोल्हापूरने काही गमावलं नाही.

वळिवड्याची गोष्ट आपण सांगतो ती मोठ्या मनाची गोष्ट म्हणून, आणि ती आहेच. पण ते मन पाच वर्षं टिकलं ते व्यवस्थेच्या आधारावर. छावणी कुणाच्या ताब्यात, खर्च कुणाचा, शाळा कोण चालवणार, हे ठरलेलं होतं. सुरुवातीची वर्षं लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार पैसे देत होतं, छावणीचा कारभार पोलिश लोक बघत होते आणि हिंदुस्थान सरकारचे अधिकारी त्यावर लक्ष ठेवून होते. त्या बराकींचा भार वळिवड्याच्या शेतकऱ्याच्या कणगीवर पडला नाही. २१ ऑगस्ट २०२४ला आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या स्मारकापुढे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तियाऊवरची ये-जा बंद करायचं जाहीर झालं होतं. या दोन तारखा माझ्या मनात एकमेकींशेजारी बसत नाहीत. वळिवड्याचा मान आपल्याला हवा असेल तर झोखॉथारच्या बाबतीतही आपण तसंच वागायला हवं.

आता कायद्याकडे. निर्वासित म्हणजे कोण, हे सांगणारा कायदाच आपल्याकडे नाही. युद्धातून पळालेली बाई आणि व्हिसाची मुदत उलटून राहिलेला पर्यटक, दोघेही कायद्याच्या नजरेत सारखेच परदेशी. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्यानेही यात फरक केलेला नाही. न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिले आहेत. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिवाचं रक्षण करणारं २१वं कलम नागरिक नसलेल्यालाही लागू आहे. मे २०२१मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सीमेवरच्या मोरे गावात अडकलेल्या सात म्यानमारी लोकांना, ज्यांत पत्रकारही होते, दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जाऊ दिलं. त्याआधी महिनाभरच रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परत पाठवणी थांबवायला नकार दिला होता. म्हणजे झोखॉथारच्या झोपडीत बसलेल्या बाईचं काय होईल, हे तिचा अर्ज कोणत्या न्यायाधीशांपुढे जातो त्यावर ठरणार. आणि अर्ज तरी ती कुठे करणार? संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय मिझोराममध्ये काम करत नाही. दिल्ली गाठायची तर वाटेत कुठेही अटक होऊ शकते.

याच देशात तिबेटी लोकांना नोंदणीपत्र मिळतं आणि त्यांच्या पुनर्वसनाचं २०१४पासून लिखित धोरण आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांना १९८३पासून तमिळनाडूच्या छावण्यांत महिन्याचा भत्ता आणि शिधा मिळत आला आहे. म्हणजे हे कसं करायचं ते आपल्या प्रशासनाला ठाऊक आहे, आणि ते आपण चाळीस-पन्नास वर्षं केलेलं आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश आहेत, म्यानमार नाही. तसं पाहिलं तर चिन लोक ख्रिस्ती आहेत आणि म्यानमारमध्ये अल्पसंख्य आहेत. थांतलांग या गावात सप्टेंबर २०२१पासून लष्कराने पुन्हा पुन्हा आगी लावल्या. पेटलेलं घर विझवायला धावलेला तरुण पाद्री कुंग बिआक हुम गोळीने मारला गेला. दहाएक हजारांचं ते गाव ओस पडलं. पण मी त्यांच्यासाठी नागरिकत्व मागत नाही. त्यांनीही ते फारसं मागितलेलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये गोळीबार थांबताच पुष्कळ जण पुलावरून परत गेले, गुरंढोरं, शेतं, घरं बघायला. त्यांना घरी जायचं आहे. मधल्या काळापुरतं उभं राहायला जागा हवी आहे.

विरोधातल्या म्हणण्यांत दम आहे, ती झटकून चालणार नाही. पहिलं, अमली पदार्थ. २०२३मध्ये म्यानमार अफूच्या उत्पादनात जगात पहिला झाला. झोखॉथारच्या वाटेने साबणाच्या डब्यांत भरलेली हेरॉइन आणि मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या येतात. दर आठवड्याला आसाम रायफल्स आणि पोलीस त्या पकडतात. त्याची किंमत मिझो घरांतली तरुण मुलं मोजतात. चोरट्या सुपारीने मिझोरामच्याच सुपारी बागायतदारांचं कंबरडं मोडलं. कोकणातल्या वाचकाला ते वेगळं समजावून सांगायला नको. हे खरं आहे. पण हा व्यापार आश्रितांनी आणलेला नाही. तो २०२१च्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि त्याला वाहनं, गोदामं, अलीकडचे व्यापारी आणि अलीकडचा पैसा लागतो. ज्याच्याकडे कागद नाही, काम करायची परवानगी नाही, असा माणूस मात्र या टोळ्यांना सगळ्यात स्वस्तात मिळतो. पोटासाठी एक पिशवी नदीपार नेण्याचे पैसे त्याला नाकारता येत नाहीत. त्याला गावातल्या रस्त्यावर, बांधकामावर, शेतात उघडपणे मजुरी करू द्या, मग त्या पिशवीला हात लावणारे कमी मिळतील.

दुसरं, मणिपूर. पलीकडून येणाऱ्यांमुळे आपण आपल्याच भूमीत अल्पसंख्य होऊ ही मणिपूरच्या खोऱ्यातल्या मैतेई समाजाची भीती आहे. २०२३पासून तिथे जे झालं त्यात या भीतीचा मोठा वाटा आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणं हा अपराध होईल. पण नेमके किती आले, कुठे राहतात, किती परत गेले, याची खात्रीची नोंद नसेल तर भीतीला अफवा खतपाणी घालते. कुणी हजार म्हणतो, कुणी लाख म्हणतो. नोंदणी हवीच. मिझोराम सरकारने २०२३मध्ये बोटांचे ठसे घ्यायला नकार दिला होता, कारण ती यादी परत पाठवण्यासाठी वापरली जाईल अशी शंका होती. जुलै २०२५पासून ते काम तिथे सुरू झालं. माझ्या मते नकारही बरोबर होता आणि आताची नोंदणीही बरोबर आहे, पण एका अटीवर. ठसे देणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळालं पाहिजे. नुसते ठसे घेऊन पाठवून दिलं तर लोक जंगलात लपतील, आणि मग ना मणिपूरला खात्री, ना मिझोरामला.

तिसरं म्हणणं सगळ्यात अवघड आहे. पलीकडे लढणारे आणि अलीकडे राहणारे यांच्यामध्ये भिंत नाही. लढणाऱ्यांची बायकामुलं झोखॉथारमध्ये असतात, जखमी लढवय्ये चंफाईच्या दवाखान्यांत येतात. जानेवारी २०२३मध्ये म्यानमारच्या विमानांनी तियाऊकाठच्या कॅम्प व्हिक्टोरिया या चिन नॅशनल फ्रंटच्या तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा स्फोट आपल्या हद्दीतही झाल्याचं अलीकडच्या फारकॉन गावच्या लोकांनी सांगितलं. जुलै २०२५मध्ये तर रिखॉदारच्या बाजूला दोन चिन गटच आपापसांत लढले आणि तीन-चार हजार माणसं पुन्हा झोखॉथारकडे धावली. कोण बरोबर, कोण चूक हे दिल्लीला काय, गावालाही सांगता येणार नाही. म्हणूनच छावण्या नदीकाठापासून आत हलवायला हव्यात, तिथे शस्त्राला सक्त मज्जाव हवा, लढणारा आणि शरण आलेला यांची वेगळी नोंद हवी. हे सगळं करता येतं ते अधिकृत छावणीत. कागदावर जी छावणीच नाही ती हलवायची कशी आणि तिथली शस्त्रं तपासायची कुणी?

नोव्हेंबर २०२३मध्ये नदी ओलांडून म्यानमारचे चाळीसहून अधिक सैनिकही आले होते. मिझोराम पोलिसांनी त्यांना सांभाळलं, मग हवाई मार्गाने मणिपूरला नेऊन त्यांना मोरे-तामूच्या सीमेवर परत सोपवण्यात आलं. जानेवारी २०२४मध्ये २७६ सैनिक लॉङ्‍तलाई जिल्ह्यात शिरले; त्यांना न्यायला म्यानमारची विमानं लेंगपुई विमानतळावर उतरली, त्यातलं एक धावपट्टीवरून घसरलंही. सैनिकाशी माणुसकीने वागलो, चांगलं केलं. पण ज्यांनी गावांवर बॉम्ब टाकले त्या लष्कराच्या माणसांसाठी काही दिवसांत सगळी यंत्रणा हलू शकते, तर त्या बॉम्बमधून पळालेल्यांच्या तांदळासाठी वर्षानुवर्षं चर्चच्या वर्गणीवर का अवलंबून राहायचं? दिल्लीची अडचण मला कळते. म्यानमारमधून मिझोरामपर्यंत मार्ग आणणारा कलादान प्रकल्प, चीनचा वाढता हात, राजधानी नेपिडोतल्या लष्करी राजवटीशी संबंध. पण कलादानच्या मार्गावरचं पलेत्वा जानेवारी २०२४मध्ये लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मीने घेतलं. आपल्याला लागून असलेल्या बऱ्याच मुलखावर आता नेपिडोचा हुकूम चालत नाही. उद्या तिथे जो कुणी कारभार करेल, तो आज झोखॉथारच्या झोपडीत शाळेचा अभ्यास करत असण्याची शक्यता आहे.

कुंपणाबद्दल थोडक्यात सांगतो. जंगलातून, दरडी कोसळणाऱ्या डोंगरांतून जाणारं ते कुंपण तस्कराला वळसा घालायला लावेल. बॉम्बपासून पळणाऱ्या बाळंतिणीला मात्र ते खरोखर अडवेल.

मग करायचं काय? निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा हवा, ही मागणी जुनी आहे. लोकसभेत २०१५मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये शशी थरूर यांनी आश्रय विधेयक मांडलं, ते खासगी विधेयक म्हणून तिथेच राहिलं. कायदा व्हायला वेळ लागेल, ठीक आहे. पण १ सप्टेंबर २०२५लाच नव्या कायद्याखाली एक सवलतींचा आदेश निघाला आहे. त्यात तिबेटी आहेत, ठरावीक तारखेआधी नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ आहेत, तीन शेजारी देशांतले अल्पसंख्य आहेत; पासपोर्ट-व्हिसा नसला तरी त्यांना ठराविक शिक्षांतून सूट आहे. त्या आदेशात आणखी एक नोंद घालता येते: १ फेब्रुवारी २०२१नंतर म्यानमारमधून आलेले, बायोमेट्रिक नोंदणी झालेले, शस्त्र नसलेले लोक. परतीची परिस्थिती सुरक्षित होईपर्यंत मुक्काम, त्याच जिल्ह्यात मजुरी करायची मुभा, आणि डोक्यामागे ठरलेला शिधा केंद्राच्या तिजोरीतून थेट ग्रामपरिषदेकडे. घटनादुरुस्ती नको, आंतरराष्ट्रीय करारावर सही नको. एका अधिसूचनेचं काम आहे.

ते कुणी मागायचं? मिझोरामचा लोकसभेत एक खासदार आहे, राज्यसभेत एक. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आहेत. मराठी माणसाला ब्रह्मदेश माहीत आहे तो टिळकांच्या मंडालेमुळे आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. त्यापलीकडे तो देश आपल्या बोलण्यात येत नाही, आणि झोखॉथार तर आपल्याच देशात असून येत नाही. मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहिलं आहे. संसदेत एक प्रश्न विचारा, एवढीच विनंती केली आहे: सप्टेंबर २०२५च्या त्या आदेशात म्यानमारमधून आलेल्या आश्रितांचा समावेश सरकार केव्हा करणार, आणि तोवर झोखॉथारच्या तांदळाचे पैसे कोण देणार? पत्राच्या शेवटी वळिवड्याबद्दल चार ओळी लिहिल्या. उत्तराची वाट बघतो आहे.